माहेर विचारायला विसरलेला टॅब

अहो, इकडे बघा! कल्पिताताईंच्या कापडी पिशवीतून बोलतोय मी, खाऊच्या पाकिटांच्या आणि लसीच्या कार्डांच्या मधून. मी अंगणवाडीचा टॅब. काचेला तडा गेलाय, बॅटरी फुगलीय, पाठीचं झाकण रबरबँडने धरून ठेवलंय. उद्या मला ठाण्याच्या ऑफिसात जमा करणार आहेत. जमा करून पुढे काय करणार, ते कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा बोलायचं ते आजच बोलून घेतो.

माझा कारखाना कुठला ते पाठीवर बारीक अक्षरांत छापलंय. पण मला पहिली आठवण आहे ती माजिवड्याजवळच्या सभागृहाची. समोर शंभरेक सेविका, आणि मला उंच धरून बोलणाऱ्या ऑफिसातल्या संचिता मॅडम. त्या म्हणाल्या, "दिवाळी झाली की मोखाड्याकडची, मुरबाडकडची कुटुंबं इथे वीटभट्टीवर, बांधकामावर येतात. पोराचं नाव राहतं गावच्या वहीत आणि पोर असतं इथे. लस चुकते, आहार चुकतो. आता गावची सेविका निघालेल्या घराची नोंद करेल, आणि कुठल्या आठवड्यात, कुठे, किती माणसं उतरणार ते हा टॅब आधीच सांगेल. त्याप्रमाणे खाऊ आणि लस पुढे पाठवायची."

टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मी तेव्हाच फुगलो. बॅटरी नंतर फुगली.

मला कल्पिताताईंकडे दिलं. कल्याणच्या खाडीकडच्या एका आगरी गावात त्यांची अंगणवाडी, आणि गावाबाहेर धाकूशेठची वीटभट्टी. त्या वर्षी मी सांगितलं, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात एकेचाळीस कुटुंबं येणार. ताईंनी तोंड वाकडं केलं. आली त्रेचाळीस! ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगंबाई, ह्याला कसं कळलं?"

कसं म्हणजे? मागच्या वर्षांच्या नोंदी, भट्ट्यांचा हंगाम, पाऊसपाणी, सणवार, सगळं माझ्या पोटात. पण खरं सांगू का, थक्क तर मीच झालो होतो. माझ्या नकाशावर ती माणसं म्हणजे निळे ठिपके. आणि समोर टेम्पोतून काय उतरलं? कोंबड्या, तवा, पाळण्याची साडी, आजारी म्हातारा, शाळेचं दप्तर. टेम्पो वळायच्या आत बायकांनी कच्च्या विटा एकावर एक रचून, वर पत्रा टाकून घरं उभी केली. तासाभरात चुली पेटल्या! अख्खं गाव उचलून दुसरीकडे ठेवायचं आणि संध्याकाळी भाकरी थापायची. मला साधं अपडेट घ्यायचं तरी निम्मा दिवस लागतो.

त्यांच्यातच होती कांता. मोखाड्याच्या विश्रामची बायको. तिच्या कडेवर अकरा महिन्यांची सान्वी. ताईंनी सान्वीला काट्यावर ठेवलं. पाच किलो नऊशे.

ताईंचा चेहराच उतरला. अकरा महिन्यांच्या मुलीचं वजन आठ-साडेआठ तरी हवं. डॉक्टरांनी औषधी खाऊची पाकिटं दिली, आठ आठवडे रोज द्यायची, आणि बजावलं, "मध्ये खंड पडू देऊ नका. साधे जुलाब झाले तरी ही पोर टिकायची नाही."

कांता मात्र माझ्याकडे संशयाने बघायची. "बाई, या पाटीवर आमचं नाव कशाला लिवतं? फौजदाराला कळवतं का?"

"नाही गं. खाऊवाल्याला कळवतं."

"आमी कुठं जातू, कुठं ऱ्हातू, समदं सांगतं?"

"समदं," ताई हसून म्हणाल्या. मलाही तसंच वाटायचं.

तीन आठवडे बरे गेले. सान्वी पाकिटाला तोंड लावून चोखायची, पाकीट संपलं की रडायची. वजन सहा किलो तीनशे झालं. आणि ऐन डिसेंबरात अवकाळी पाऊस कोसळला. दोन दिवस नुसता ओतत होता. थापलेल्या हजारो कच्च्या विटांचा चिखल झाला. ताई छत्री घेऊन भट्टीवर गेल्या तर निम्म्या झोपड्या रिकाम्या. कांता, विश्राम, सान्वी, कुणी नाही. मागे राहिलेल्यांपैकी कुणालाही सांगता येईना, ती कुठे गेली. विश्रामचा फोन बंद. पाच आठवड्यांची पाकिटं ताईंच्या पिशवीत तशीच.

ताईंनी मला विचारलं. मी क्षणात उत्तर दिलं: मोखाडा, मूळ गाव, शक्यता शंभरात ब्याण्णव. उचलली जीभ लावली टाळ्याला! ताईंनी मोखाड्याच्या सेविकेला, रुपालीला, लगेच फोन लावला. "तुझ्याकडे येतायत गं. सान्वीवर लक्ष ठेव."

एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी रुपालीचा फोन. "ताई, घराला कुलूप आहे. सासू-सासरे पण कामाला गेलेत. इथे कुणीच आलेलं नाही."

ताईंनी मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मोखाडा, ब्याण्णव. मला दुसरं काही येतच नव्हतं हो! भट्टी बंद पडली की माणूस गावी जातो, एवढंच मला शिकवलेलं. ताई रडकुंडीला आल्या. घरी पलंगाच्या कडेवर मला आपटून म्हणाल्या, "मेल्या, पोर कुठे आहे ते सांग ना!" काचेला तडा गेला तो तेव्हाच. पण काचेपेक्षा लाज जास्त लागली.

ताईंच्या सासूबाई, हौसाबाई, कोपऱ्यात पावटे सोलत बसल्या होत्या. त्या मानही वर न करता बोलल्या. "अगो, त्या डबऱ्याला काय इचारतंस? पोर आजारी, डोक्यावं पाऊस. अशा टायमाला बाय सासरी जाईल? आयशीकरंच जाईल ना!"

ताई उठूनच उभ्या राहिल्या. त्यांनी माझा फॉर्म उघडला आणि वरपासून खालपर्यंत बघितला. नवऱ्याचं नाव. नवऱ्याचं गाव. नवऱ्याच्या बापाचं नाव. आधार, रेशनकार्ड, घर कच्चं की पक्कं, शौचालय आहे की नाही. सव्वीस रकाने! आणि कांताचं माहेर कुठलं, हे विचारणारा एकही नाही.

ताईंनी धाकूशेठला गाठलं. ते चिखलात उभे होते, तोंडाला हात लावून. "कांती? ती तं गोदीची पोर. गोदी पयले माज्याच भट्टीवं यायची, मुरबारकरची. आता कुटं हाय, देवाला ठाव."

ताईंनी माझ्यात 'गोदा' लिहिलं, 'मुरबाड' लिहिलं. आणि मी शोधलं. जन्मात कधी शोधलं नसेल असं शोधलं! अकरा गोदा निघाल्या. त्यातल्या दोन कामासाठी बाहेर पडलेल्या. एकीचं वय बावीस. दुसरी अठ्ठेचाळीस वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी निघालेली, मुक्काम घोडबंदर रोड, तेवीस मजली इमारतीचं काम, मजूर वस्ती.

म्हणजे गोदा माझ्याकडे होती. कांताही माझ्याकडेच होती. दोघी महिनाभर माझ्या पोटात शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि त्या मायलेकी आहेत हे मला ठाऊक नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय?

ताईंनी पाकिटं घेतली, काटा घेतला, मला घेतलं. कल्याणहून बसने माजिवडा, तिथून घोडबंदरची दुसरी बस. ती गाड्यांच्या रांगेत अशी अडकली की मुंगी पुढे जाईल, बस जाणार नाही. ताई शेवटी उतरून चालायलाच लागल्या. काट्याचं ओझं, त्यात ऊन. गेटवरचा वॉचमन आत सोडेना, तर मला त्याच्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "गोदा, वय अठ्ठेचाळीस. आत आहे. बोलव!"

पत्र्याच्या खोलीत गोदाच्या मांडीवर सान्वी होती. डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे. विश्राम बाहेर सळ्या वाहत होता. कांताने ताईंना बघितलं आणि तिचा बांधच फुटला. "बाई, तीन दिस झालं, पोटात कायच ठरत नाय हिच्या!"

सान्वी काट्यावर पाच किलो पाचशे भरली. ताईंनी आकडा लिहिला नाही. रिक्षा बोलावली आणि सगळ्यांना घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, "उद्या आणली असतीत तर काही खरं नव्हतं."

वॉर्डबाहेर बसल्यावर कांताने विचारलं, "बाई, मी हितं हाय ते तुला कोनी सांगितलं?"

"थोडं माझ्या सासूने, थोडं ह्याने," ताई मला थोपटत म्हणाल्या. मी किती लाख नोंदी पोटात घेऊन फिरतो, पण तसं थोपटून घ्यायला मला पुन्हा कधी मिळालं नाही.

सान्वी वाचली. नऊ दिवसांनी घरी आली. घरी म्हणजे त्या पत्र्याच्या खोलीत, आजीच्या मांडीवर. घोडबंदरच्या सेविकेने उरलेली पाकिटं तिला रोज दिली.

ताई तडक संचिता मॅडमपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, ह्यात माहेर घाला." मॅडम आधी हसल्या, मग खुर्ची पुढे ओढून कामाला लागल्या. सेविकांनी महिनाभर बायकांना, आणि ज्या सापडत नव्हत्या त्यांच्या जावा-शेजारणींना, एकच प्रश्न विचारला: आई कुठे आहे? आणि मग नकाशा पुन्हा उघडला, तेव्हा काय सांगू तुम्हाला! आमच्या यादीत 'ठावठिकाणा नाही' असा शेरा मारलेली तीनशे कुटुंबं होती. त्यातली एकशे सत्याऐंशी माहेरी सापडली. मी ज्या बायकांना हरवलेल्या म्हणत होतो, त्या आपापल्या आईकडे गेलेल्या होत्या. मुरबाड ते भिवंडी, शहापूर ते घोडबंदर, काळ्या पडद्यावर बारीक रेघाच रेघा उमटल्या. मॅडम म्हणाल्या, "एवढ्या वाटा होत्या?" नेहमीच होत्या हो. बायका पिढ्यान्‌पिढ्या त्यांवरून चालत होत्या, आणि आमच्यासारख्या शहाण्यांना पत्ता नव्हता.

आज पुन्हा दिवाळीनंतरचा आठवडा. सकाळी धाकूशेठच्या भट्टीवर टेम्पो आला. कांता उतरली. सान्वी तिचा हात सोडून उतरायला बघत होती, पडली, उठली, ठुमकत चालत आली. वजन नऊ किलो चारशे. ताईंनी दोनदा मोजलं.

मित्रांनो, माझ्या जागी उद्या नवा टॅब येईल. माझ्यापेक्षा हुशार असेल, पतंगासारखा हलका असेल. त्याचं खुशाल कौतुक करा. पण त्याने माणसांचे अंदाज बांधण्याआधी माणसांना विचारावं, एवढं त्याला माझ्या वतीने सांगा. मी विचारलं नव्हतं, आणि एक पोर जाता जाता राहिली.

माझी बॅटरी चार टक्क्यांवर आलीय. ताई मला पिशवीतून काढून बंद करायला निघाल्या होत्या, तेवढ्यात कांता सान्वीला कडेवर घेऊन आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, लिव यात. शिमग्याला मी आयकडं जानार हाय. चार दिस ऱ्हाईन. खाऊ तिकडं धाडा."

ताईंनी लिहून घेतलं.