सतरा नंबरच्या सेटची कबुली

मी सतरा नंबरचा वायरलेस सेट बोलतोय. हातात मावणारा, काळा, डोक्यावर आखूड रबरी अँटेना आणि कडेला दाबून बोलायचं बटण. पोलिसांच्या किंवा अग्निशमनवाल्यांच्या खांद्याला अडकवलेले माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. मी मात्र कुणाच्या खांद्यावर कधी गेलो नाही. चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कंपनीचं वर्कशॉप आहे, तिथल्या खालच्या ड्रॉवरमध्ये मी असतो. आत्मचरित्र सांगणारे बहुतेक जण आपल्या पराक्रमापासून सुरुवात करतात. माझ्याकडेही एक पराक्रम आहे. त्याचीच मला लाज वाटते.

माझा जन्म २००६ सालचा. आम्ही चाळीस भावंडं सुट्या भागांत खोक्यांमधून आलो आणि इथे, लांब टेबलावर, जोडले गेलो. जोडणी तरुण मुलींनी केली, पण प्रत्येकाचे कान जुळवले ते मानाजीरावांनी. मानाजीराव म्हणजे आमच्या वर्कशॉपचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. त्यांची मराठी ऐकून नवीन आलेली इंजिनिअर सावनी पहिल्या दिवशी खुदकन हसली होती. सावनी सांगलीची, अड्यारला दोन मैत्रिणींबरोबर राहणारी. मानाजीरावही तिची मराठी ऐकून हसले आणि म्हणाले, "तुम्हीं फार घाईनें बोलतां, अम्मा. मराठी पळून जाणार आहे कीं काय?" तेव्हापासून दोघांचं जमलं.

प्रत्येक वर्कशॉपला एक तरी भरवशाचा सेट लागतो. बाकीचे नीट ऐकतात की नाही, ते त्याच्याशी ताडून पाहायचं असतं. मानाजीरावांनी त्यासाठी मला निवडलं. एक अख्खी दुपार त्यांनी माझ्यावर घालवली. स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. मग एक बारीकसा भाग बदलला, पुन्हा ऐकलं, पुन्हा बदलला. शेवटी माझे कान इतके तिखट झाले की इतर भावंडांना नुसती खरखर ऐकू यायची तिथे मला शब्द कळायचे.

त्या वर्षीच्या आयुधपूजेला वर्कशॉपमधल्या सगळ्या हत्यारांना चंदन आणि कुंकू लागलं. ड्रिल मशीनला लागलं, पक्कडीला लागलं, शिड्यांना लागलं. सगळ्यांत ठसठशीत टिळा मला. समोर चुरमुरे, फुटाणे आणि केळी. मी शेफारून गेलो, हे आताच कबूल करतो. चाळिसांत मीच एक, असं मला वाटायला लागलं.

आता कंपनीचं काम काय ते सांगतो. शहरात ठिकठिकाणी गच्च्यांवर मनोरे उभारायचे. वरच्या टोकाला उद्याच्या मोबाइलच्या अँटेना येणार, आणि त्यांच्याखाली अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांची वायरलेस. एकाच मनोऱ्यावर दोन्ही. आमचे साहेब रत्नाकर या कल्पनेनं झपाटले होते. मूळचे नाशिकचे, वीस वर्षं चेन्नईत, स्वभावानं वाईट नाहीत, पण सदा घाईत. कागदावर सात मनोरे होते. सहा उभे राहिले. सातवा जॉर्ज टाउनमध्ये, कागदाच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या गल्लीत यायचा होता. ती गच्ची पाच चुलतभावांच्या मालकीची, आणि पाचांचं कधी एकमत होईना. एकाची सही मिळाली की दुसरा गावाला जाई. मार्चअखेरीला काम संपवून द्यायचं ठरलेलं. रत्नाकर एके दिवशी म्हणाले, "सहा मनोऱ्यांवर भागतंय का ते बघू. भागत असेल तर सातवा हवा कशाला?"

बघायचं काम सावनीकडे आलं. जॉर्ज टाउनमध्ये चौदा जागा ठरवल्या होत्या. प्रत्येक जागी सेट घेऊन उभं राहायचं. मानाजीराव गिंडीतून माइकवर आकडे वाचणार, ते मनोऱ्यांवरून सगळीकडे जाणार. सावनीनं ऐकू येतील तसे लिहायचे आणि गुण द्यायचे. पाच म्हणजे अगदी स्पष्ट, एक म्हणजे काहीच नाही.

पहिल्यांदा ती एकवीस नंबर घेऊन गेली. तो आमच्यातला साधा, सरळ सेट. नववी, दहावी आणि अकरावी जागा त्या कागदवाल्यांच्या गल्लीतल्या गोदामांच्या आत होत्या. तिथे एकविसाला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. सावनीनं तीन ठिकाणी एक गुण लिहिला आणि परत आली.

"सेट बिघडला असेल," रत्नाकर कागद बघून म्हणाले. "सतरा घेऊन जा उद्या."

मानाजीरावांनी टेबलावरून मान वर केली. "साहेब, सतरा नको. त्याचे कान निराळे आहेत. तो इतरांसारखा नव्हे."

"अहो, तुम्हीच केलाय ना तयार? मग उत्तमच असणार. चाचणीला चांगला सेट न्यायचा नाही, तर काय मोडका न्यायचा?"

मानाजीराव आणखी काहीतरी बोलणार होते. पण साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांच्या हाताची तारीफ केली होती. ते ओशाळून हसले आणि तमिळमध्ये 'बरं' म्हणतात तसं म्हणाले, "सेरी, साहेब." रत्नाकरांनी आम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि आम्ही दोघंही चढलो. मी तर मानाजीरावांपेक्षा दोन फांद्या वर होतो.

दुसऱ्या दिवशी सावनी मला घेऊन चौदाही जागा पुन्हा फिरली आणि त्याच गोदामांत शिरली. छताला भिडलेले कागदाचे गठ्ठे, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. अकराव्या जागी, मागच्या जिन्याखाली, मला मानाजीरावांचा आवाज फार लांबून, अगदी पुसट आला. त्या वेळी मी गप्प राहायला हवं होतं. माझ्या भावंडांना इथे काही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मी तो पुसट आवाज गोळा केला, साफ केला आणि सावनीच्या कानाशी दिला. "बावन. सतरा. एकूणसत्तर. अम्मा, ऐकूं येतें कीं?"

सावनीनं चार गुण लिहिले. मग मला तोंडासमोर धरून थोडा वेळ बघत राहिली. "तू जरा जास्तच चांगला आहेस रे," ती हळूच म्हणाली. मला ती शाबासकी वाटली.

चाचणीच्या तक्त्यात एक रकाना होता, सेट क्रमांकाचा. सावनीनं संध्याकाळी विचारलं, "सर, इथे सतरा लिहू?" रत्नाकर फोनवर होते. हातानंच नको म्हणाले, आणि मग फोनवर हात ठेवून बोलले, "चाळीसही सेट एकाच बनावटीचे आहेत. नंबर कशाला?" सावनीनं पेनाचं टोपण लावलं. रकाना रिकामा राहिला. एकविसाचा तक्ता तिनं फाडला नाही, आपल्या फाइलमध्ये मागे सरकवून ठेवला. सातवा मनोरा रद्द झाला, अहवाल मंजूर झाला आणि सगळ्यांनी फिल्टर कॉफी घेतली.

एप्रिलमध्ये माझी छत्तीस भावंडं अग्निशमनाच्या जवानांकडे गेली. त्यांतला तेवीस नंबर व्यंकटला मिळाला. व्यंकट मानाजीरावांच्या बहिणीचा मुलगा, तिशीचा, लग्नाला दोन वर्षं झालेली. सेट घ्यायला तो स्वतः वर्कशॉपमध्ये आला होता. "मामा, हा चांगला आहे ना?" त्यानं विचारलं. मानाजीराव म्हणाले, "सगळे चांगलेच." म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

जुलैतल्या एका मंगळवारी, सकाळचे साडेअकरा वाजले असतील. मी टेबलावर चालू होतो. जॉर्ज टाउनमध्ये कागदाच्या गोदामाला आग लागल्याचं माझ्यातून ऐकू येऊ लागलं. मानाजीरावांनी हातातलं काम खाली ठेवलं. एक हमाल आत अडकलाय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून व्यंकट आत गेल्याचं कळलं. थोड्या वेळानं तो हमाल मागच्या दारानं आधीच बाहेर पडल्याचं कळलं. आणि मग, गाडीजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या अधिकाऱ्याचा आवाज आला, "व्यंकट, वेळिये वा! माळा खाली येतोय. वेळिये वा!" बाहेर ये, बाहेर ये.



हाक पुन्हा आली. पुन्हा आली. सात वेळा आली. प्रत्येक वेळी ती माझ्यातून इतकी स्वच्छ निघत होती की वर्कशॉपच्या दारातल्या चहावाल्यालाही कळली. मानाजीरावांनी मला उचललं, बटण दाबलं आणि नियम मोडून ओरडले, "व्यंकट! मामा बोलतों रे! बाहेर ये! बाहेर ये, बाबा!" तो आवाजही सहा मनोऱ्यांवरून साऱ्या शहरभर गेला. अड्यारला ऐकू गेला, विमानतळापाशी ऐकू गेला. ज्याच्यासाठी होता त्याच्या खांद्यावर तेवीस नंबर नुसता खरखरत होता. अकराव्या जागेपासून तो दहा पावलांवर होता.

दोघं जवान आत धावले आणि त्यांनी व्यंकटला ओढून आणलं. जीव वाचला. माळ्याचं लाकूड उजव्या पायावर पडलं होतं. गुडघ्याखाली पाय राहिला नाही.

चार दिवसांनी तेवीस नंबर तपासणीसाठी आमच्या टेबलावर आला. काजळीनं भरलेला. मानाजीरावांनी तो उघडला, पुसला, माझ्याशी ताडून पाहिला. दोन तास तपासला. त्याच्यात काही दोष सापडावा, अशी मी मनापासून प्रार्थना करत होतो. माणसं असं करतात हे मी पाहिलंय, स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलायला एखादी बारीकशी फट शोधतात. मीही शोधली. मिळाली नाही. तेवीस अगदी ठीक होता. बाकीच्या सगळ्यांइतकाच ठीक.

मानाजीराव खुर्चीत बसून राहिले. सावनी आली तेव्हा म्हणाले, "मज ठाऊक होतें, अम्मा. मी एकदां सांगितलें, दुसऱ्यांदा सांगितलें नाहीं."

"मलाही ठाऊक होतं," सावनी म्हणाली, आणि रडू लागली.

मग तिनं फाइल काढली. माझ्यासमोरच, त्या रिकाम्या रकान्याच्या चौदाही ओळींत तिनं पेनानं सतरा, सतरा, सतरा असं लिहिलं. पुढे त्या दिवसाची तारीख घातली, म्हणजे नंतर लिहिलंय हे कुणापासून लपू नये. एकविसाचा तक्ता त्याला जोडला. मानाजीरावांनी खाली सही केली. दोघं रत्नाकरांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"सर, हे मी अग्निशमन खात्यात नेऊन देणार आहे. चोरून नाही, तुम्हाला सांगून नेतेय."

रत्नाकरांनी तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. माझा नंबर चौदा वेळा. "कंपनी बसेल, सावनी," ते म्हणाले. तिनं तक्ता परत घ्यायला हात पुढे केला. शेवटी त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "थांब. गाडी काढतो. नको म्हणणारा हात माझा होता, ते मीच सांगायला हवं."

कंपनी बसली नाही, पण मोठी चौकशी झाली आणि पुढची दोन कामं हातची गेली. पुन्हा चाचणी करायचा हुकूम आला. या वेळी मानाजीरावांनी उरलेल्यांत सगळ्यांत मंद कानांचा सेट शोधून काढला, एकतीस नंबर. सावनी तो घेऊन गेली. मी टेबलावर होतो. ती गोदामातून मोठ्या रस्त्यावर यायची आणि सांगायची, "नववी जागा, काही नाही. दहावी, काही नाही. अकरावी, काही नाही." कुणाला ऐकू येत नाही याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला. पाचही चुलतभावांनी एका दुपारी सह्या केल्या. जळालेलं गोदाम त्यांच्यापासून दोन घरांवर होतं. सप्टेंबरमध्ये सातवा मनोरा उभा राहिला. हे सगळं मार्चमध्येही झालं असतं.

ऑक्टोबरात पुन्हा आयुधपूजा आली. टिळा या वेळी एकतीस नंबरला लागला, आणि ते योग्यच झालं. मी ड्रॉवरमध्ये होतो, ड्रॉवर अर्धवट उघडा. कुबड्यांचा आवाज आला. व्यंकट बायकोला घेऊन आला होता. त्याला आता कंट्रोल रूममध्ये बसायचं काम दिलंय. चुरमुरे खाता खाता त्याची नजर माझ्यावर गेली.

"मामा, सतरा म्हणतात तो हाच?"

मानाजीरावांनी मान हलवली. त्यांना मान वर करता येईना.

व्यंकटनं कुबडी काखेत दाबली, मला उचललं, चालू केलं आणि कानाशी धरलं. मी वाट बघत होतो, की हा मला भिंतीवर आपटेल. मला ते हवं होतं. कुठूनतरी एका रुग्णवाहिकेचं बोलणं चाललं होतं, ते मी त्याला ऐकवलं. दुसरं मला येतं काय? तो लक्ष देऊन ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"किती स्वच्छ ऐकूं येतें, मामा," तो म्हणाला. "फार चांगला आहे हो हा. असा एक मला मिळायला पाहिजे होता."

त्यानं मला बंद केलं आणि जपून, दोन्ही हातांनी, परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

त्यानंतर मला कुणी बाहेर काढलेलं नाही. मानाजीराव येत्या वर्षी निवृत्त होतील. जाण्यापूर्वी त्यांनी एकदा स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि माझे कान इतरांसारखे करून टाकावेत, एवढंच माझं मागणं आहे. ते मला बोलून दाखवता येत नाही.

तुमच्या गल्लीतही आज ना उद्या असा मनोरा उभा राहील. हातात सेट घेऊन कुणीतरी येईल, तुमच्या जिन्यात उभं राहील आणि म्हणेल, इथे उत्तम ऐकू येतंय. त्याचा तक्ता मागून घ्या आणि सेट क्रमांकाचा रकाना बघा. तिथे सतरा लिहिलेलं असलं, किंवा काहीच लिहिलेलं नसलं, तर त्याला परत पाठवा.