संडासामागची बाग

गोदावरीबाईंनी एकदा मनावर घेतलं की घेतलं. एकसष्ट साली अकोल्याच्या म्युनिसिपालटीत बाई मेंबर त्या एकट्याच, पण सभेत आवाज त्यांचाच. सार्वजनिक संडासामागच्या उकिरड्यावर त्यांना बाग हवी होती. मैल्याचा अन् शेणाचा गॅस जमिनीखालच्या टाकीत धरायचा, त्यावर दिवा लावायचा, आणि दिवसभर चुलीपुढं राबलेल्या बायांनी संध्याकाळी तिथं घटकाभर मोकळं बसायचं. विजेचे खांब त्या अंगाला आलेच नव्हते.

मोरोपंत वकिलांनी सभेत नाक मुरडलं. "त्या घाणीच्या उजेडात घरंदाज बाई बसेल का?"

अध्यक्षांनी तोडगा काढला. शनिवारी दिवा लावून दाखवा. बाया थांबल्या तर बाग, नाही तर जागा लाकडाच्या वखारीला.

"या मंग शनिवारी," गोदावरीबाई म्हणाल्या. "नाक घरी ठेवून या."

शनिवारी दिवेलागणीला सारा मोहल्ला लोटला, निम्मा तर तमाशा पाहायलाच. मोरोपंत रुमाल नाकाला लावून पुढं उभे. दिव्याशेजारी मांडलेले बाक रिकामे, बाया पदर नाकाशी धरून लांब. टाकी बांधणाऱ्या अब्दुल सत्तार मिस्त्रीनं काडी लावली, ती विझली. दुसरीही विझली. मागून कोणी तरी हसलं. गोदावरीबाई पुढं सरल्या. आज फजिती झाली तर या बाया पुन्हा उंबऱ्याबाहेर बसायच्या नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काहून पेटत नाही, भाऊ?"

"नळीत हवा हाये, बाई. जरा सबूर करा."

"लय सबूर केली आमी. आना ते काडी इकडं."

त्यांनी स्वतः काडी ओढली. दिव्याची जाळी भपकन पेटली, आधी निळी, मग पांढरीशुभ्र, आणि उकिरड्यावर लख्ख उजेड पडला.

आता दिवा लागला की हात जोडायचे, हे आपल्या हाडीमाशी इतकं मुरलंय, की हात काही डोक्याला विचारायला जात नाहीत. बायांचे पदर नाकावरून सुटले, हात जुळले. मोरोपंतांचाही रुमाल खाली पडला. डोळे मिटून ते श्लोक पुटपुटत होते.

गोदावरीबाईंनी ते पाहिलं. हसू यायला हवं होतं, पण त्यांचे डोळे भरून आले.

मोरोपंतांनी डोळे उघडले, स्वतःचे जोडलेले हात पाहिले. "नमस्कार केलेल्या दिव्याला नावं ठेवता येत नाहीत, बाई," ते हळूच म्हणाले, आणि शेजारच्या बाकाकडे वळले.

"थांबा, वकीलसाहेब," गोदावरीबाई म्हणाल्या. "आधी बाया बसतीन."

मोरोपंत बाजूला सरकले. मिस्त्रीची बायको आयशाबी सगळ्यांत आधी येऊन बसली.