शिट्टीबाईंचा माइक

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि माणसं जिथे धरतात तिथला काळा रंग उडाला आहे. पण कान अजून शाबूत आहेत.

बारीक तारेचं वेटोळं, एक लोहचुंबक आणि एक पातळ पडदा, एवढंच माझ्या पोटात आहे. कोणी बोललं की पडदा थरथरतो, त्या थरथरीची वीज होते आणि वायरमधून पुढे जाते. कारखान्यात माझ्या शेजारचे माइक म्हणायचे, आपण मोठमोठ्या रंगमंचांवर जाणार. मी गेलो पोहण्याच्या तलावावर.

तिथे मी वर्षानुवर्षं काम केलं. ‘पळू नका, फरशी ओली आहे’, ‘निळा टॉवेल कोणाचा आहे?’ असल्या सूचना माझ्यातूनच जात. तलावावर पोहायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. लहान मुलांना तरंगायला शिकवताना त्या स्वतः रचलेलं गाणं गात: ‘पाठ टेक पाण्यावर, पोट दाखव आभाळाला.’ रडवेली मुलं हसायला लागत आणि हसता हसता तरंगायला लागत. पाय मारायचं गाणं वेगळं, श्वास सोडायचं वेगळं.

पुढे तलावावर नवी यंत्रणा आली. माझी रवानगी हरवलेले चष्मे आणि एकेकट्या चपलांच्या खोक्यात झाली. कितीतरी दिवस कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एकदा शिट्टीबाईंनी मला बाहेर काढलं आणि व्यवस्थापकांना विचारलं, “साहेब, हा मी घरी नेऊ का?”

“न्या की. आता कोण वापरतंय त्याला?”

मी बाईंच्या घरी आलो तेव्हा तिथे काळजीचं वातावरण होतं. तलावभर ऐकू जावं म्हणून ओरडून ओरडून बाईंच्या स्वरतंतूवर गाठ आली होती. गाठ साधी होती, पण ऑपरेशन करावं लागणार होतं. नंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच, याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

बाईंची भाची शिकायला त्यांच्याकडे राहायची आणि कॉम्प्युटरवर संगीत करायची. ती म्हणाली, “मावशी, ऑपरेशनच्या आधी तुझी सगळी गाणी रेकॉर्ड करून ठेवू.”

तिने मैत्रिणीकडून स्टुडिओतला नवाकोरा, नाजूक माइक आणला. मी शेल्फवरून बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. रेकॉर्डिंग झालं, दोघींनी ऐकलं. फ्रीजची घरघर होती, वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकत होती आणि बाई जणू न्हाणीघरातून गात होत्या.

“माझ्यापेक्षा फ्रीजच सुरात आहे गं,” बाई म्हणाल्या.

भाचीला हसू आलं नाही. ती त्याहून महागड्या माइकची चित्रं बघत बसली. “आपल्याकडे साधनंच नीट नाहीत,” ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी बाई स्वेटर शोधायला कपाटात डोकं घालून उभ्या होत्या आणि सवयीने गुणगुणत होत्या. भाची दारातच थबकली.

“मावशी, हलू नकोस.”

“का? पाल आहे का?”

“नाही गं. तुझा आवाज बघ किती जवळचा वाटतोय. हे कपडे घुमणं पिऊन टाकतायत.”

मग त्या घरात जी धमाल उडाली, काय सांगू! गाद्या भिंतींना उभ्या टेकवल्या. दोरीवर रजया टांगल्या, फरशीवर सतरंजी पसरली. भाचीचे कोपऱ्यात कोंबलेले, घुमणारे स्पीकर टेबलावर आले. गाण्यापुरता फ्रीज बंद ठेवला, आणि तो पुन्हा चालू करायचा राहू नये म्हणून बाईंनी घराची किल्लीच फ्रीजमध्ये ठेवली; बाहेर पडताना ती घ्यायला गेलं की आठवणारच.

“आणि तो तलावावरचा लावून बघूया का?” बाईंनी विचारलं.

माझा स्वभाव असा, की जवळचं मी मन लावून ऐकतो आणि लांबचं फारसं मनावर घेत नाही. त्या गजबजलेल्या घराला तेच हवं होतं. नव्या माइकचा काही दोष नव्हता. शांत, खास बांधलेल्या खोलीत तो माझ्यापेक्षा कितीतरी बारकावे टिपतो. भाचीने फक्त मला कॉम्प्युटरशी जोडणारी छोटी डबी, एक स्टँड आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणले. त्यामुळे गाताना बाईंना ऐकवलेला ठेका बाहेर सांडून माझ्यात शिरत नव्हता.

तरी एक अडचण उरली. पाठ, पाणी, पोट, पाय! बाईंच्या गाण्यांत ‘प’ तरी किती! प्रत्येक ‘प’ला माझ्या तोंडावर फुंकर बसायची. मग भाचीने मला बाईंच्या तोंडापासून एका मुठीच्या अंतरावर, जरासं तिरकं ठेवलं. फुंकर बाजूने निघून गेली, आवाज तेवढा आत आला. सगळी गाणी झाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. काही आठवडे बाईंना बोलायला मनाई होती. मग त्या शिट्टीनेच बोलायच्या, ‘हो’ला एक आणि ‘नको’ला दोन. चहा हवा का, असं विचारलं की लांबलचक एकच शिट्टी यायची.

पुढे डॉक्टरांनी गायची परवानगी दिली. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज आला, पण खालचा आणि जाडसर. त्या मधेच थांबल्या. “ही मी नव्हे,” एवढंच म्हणाल्या.

भाचीने त्यांना हेडफोन घातले आणि जुनं रेकॉर्डिंग लावलं. “वर चढू नकोस. आवाज सुखाने बसतो तिथेच, याच्या जोडीने गा.”

बाई घाबरत घाबरत गायल्या. मग सावकाश त्यांचे खांदे सैल झाले. वर जुना बारीक आवाज, खाली नवा भारदस्त आवाज. भाचीने दोन्ही एकत्र ऐकवले. बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “ही खालची कोण गं?”

“तूच.”

“बरी गाते.”

आता तलावावरची चिमुकली मंडळी या दोन आवाजांवर तरंगायला शिकतात.

मित्रांनो, नवं साधन घेण्याआधी आपल्या खोलीत एक टाळी वाजवा आणि ती किती घुमते ते ऐका. माझ्यासारख्यांना टकटक करून तपासू नका, चार शब्द बोला. वायर ओढू नका, टोक धरून काढा. आणि घरात कोणी गुणगुणत असेल, तर हाताशी असेल त्या साधनावर आजच टिपून घ्या.

चला, निघतो. भाची गादी उभी करते आहे आणि बाई घसा साफ करतायत. आज नवं गाणं आहे.