आन्सेल्मोचं ताट

पूर्वी रोसारिओत बायका एकमेकींना चांगल्या शिंपिणीचं नाव सांगायच्या. आता मनाचे उपचार करणाऱ्या बाईचं सांगतात. बेकरीच्या रांगेत कुणी "आमच्या बाई म्हणतात" असं सुरू केलं की कुठल्या बाई, हे विचारावं लागत नाही. नेलिदाची मुलगी मारिएल कायमची वालेन्सियाला निघाली तेव्हा विमानतळावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "देश सोडतेय, रोइत्मनबाईंना नाही सोडणार!" सगळे हसले. नेलिदाही हसली. आईचं नाव त्या वाक्यात नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं ते घरी परतताना, बसमध्ये.

मारिएलने शब्द पाळला. समुद्रापलीकडे बसून दर आठवड्याला ती कॉम्प्युटरवर रोइत्मनबाईंशी तासभर बोलायची. आईशी बोलणं मात्र आटत गेलं. सुरुवातीला रविवारी लांबलचक फोन व्हायचा, मग नुसतीच हवापाण्याची चौकशी, आणि त्या हिवाळ्यात तर नेलिदाने काही लिहिलं की उत्तर म्हणून एक अंगठा यायचा. उभा, पिवळा अंगठा.

"मी केलं तरी काय, एवढं तरी सांगावं ना," नेलिदा शेजारच्या पोरोताला म्हणाली. दोघी स्वयंपाकघरात येर्बाचा कडू चहा पीत बसल्या होत्या. एकाच भोपळ्याच्या तुंबीतून, एकाच नळीने, आळीपाळीने. चाळीस वर्षांची सवय.

"मग जिला ठाऊक आहे तिलाच गाठ की," पोरोता म्हणाली.

"कुणाला?"

"त्या रोइत्मनबाईला! विहीर समोर आहे आणि तू तहानेनं मरतेस."

"वेडी झालीस? ती सांगेल होय मला?"

"ती नाही सांगायची. तू सांग. तुझी बाजू तिच्या कानात पडली, की आज ना उद्या तुझ्या पोरीच्या कानात झिरपेल. आणि नाव तुझं माहेरचं दे. खोटं कुठे आहे त्यात? तुझ्या ओळखपत्रावर ब्रुझोनेच आहे ना?"

ते खरं होतं. फेरेय्रा हे तिच्या नवऱ्याचं, आन्सेल्मोचं आडनाव, ते गल्लीत आणि चर्चमध्ये चालायचं. सरकारदरबारी नेलिदा जन्मापासून ब्रुझोनेच होती. आपल्याच नावाने दार उघडलं तर ती चोरी कशी? असं तिने स्वतःला समजावलं, आणि रोइत्मनबाईंकडे गुरुवारची दुपार ठरवून घेतली.

टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून ती पहिल्यांदा बसली तेव्हा केस विंचरून, कानात मोती घालून बसली होती. पडद्यावर रोइत्मनबाई आल्या. साठीच्या असतील, आवाज मऊ, हातात त्यांचीही तुंबी. मुलगी परदेशी आहे, बोलत नाही, एवढं सांगून नेलिदाने मुलीचं नाव टाळलं. मग पाठ केल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं. तरुणपणी आलेलं विधवापण, रात्रंदिवस शिवणकाम, पोरीला काही कमी पडू दिलं नाही. बाई ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्ही कधी रडलात?"

नेलिदाला राग आला. पण पुढच्या गुरुवारी ती वेळेआधीच बसली.

आपण इथे कशाला आलो होतो, हे ती हळूहळू विसरत चालली. आन्सेल्मो कसा शीळ घालत जिना चढायचा, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. कानातले मोती डबीतच राहू लागले. आणि वसंतात जॅकरंडाच्या झाडांना बहर आला त्या सुमाराला, एका दुपारी, बाईंनी काही विचारलेलं नसताना ती बोलून गेली.

"तो गेला तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती. गोदीतच कोसळला. मी तिला मावशीकडे धाडलं, अंत्यविधी उरकला आणि घरी आणून सांगितलं, बाबा दक्षिणेला गेलेत, तेलाच्या विहिरींवर कामाला. येतील."

"आणि मग?"

"मग रविवारी मी राव्हिओली केले, तर ही बया त्याचं ताट मांडून मोकळी. काटा, चमचा, ग्लास, सगळं. पुढच्या रविवारी पुन्हा. मी काही बोलले नाही. काय बोलणार? संध्याकाळी ते कोरं ताट मी धूत असे. कोरंच ताट, पण धूत असे. असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणात कुणा भाच्याने बडबड केली, आणि तिला कळलं."

बाईंच्या ओठांशी गेलेली नळी तिथेच थांबली. त्यांनी तुंबी खाली ठेवली. पडदा अडकला की काय, असं नेलिदाला वाटलं.

"नेलिदाबाई," रोइत्मनबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं नाव काय?"

खोटं बोलायला अजून वेळ होता. पण त्या पडद्यासमोर खोटं बोलायची तिची सवय मोडली होती.

"मारिएल," ती म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आता मला तुमच्याशी बोलता येणार नाही. कोर्दोबातले एक चांगले गृहस्थ आहेत, हेच काम करतात, त्यांचं नाव देते."

"तिला सांगाल?"

"तुमचं बोलणं मी कुणालाही सांगणार नाही. पण हे मनात ठेवून तिच्यासमोर काही झालंच नाही असं बसणंही मला जमायचं नाही. तुम्हीच सांगा तिला. ती पुन्हा माझ्यासमोर बसायच्या आधी."

नेलिदाने त्याच संध्याकाळी फोन लावला. नवल म्हणजे मारिएलने उचलला.

"आई? बरी आहेस ना? काही झालं का?" आवाजात काळजी होती. तेवढ्या एका वाक्यासाठी नेलिदा वर्षभर आसुसली होती. आणि आता तेच वाक्य तिला स्वतःच्या हाताने मोडायचं होतं. तिने सगळं सांगितलं.

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

"एक जागा होती माझी," मारिएल म्हणाली. "जगात एकच. जिथे तू नव्हतीस."

"अगं, मला फक्त कळायला हवं होतं की..."

"ताटाचं सांगितलंस त्यांना?"

"हो."

"आणि तू ते धुवायचीस, हे?"

"तेही सांगितलं."

"मला माहीत होतं, आई. बाबा गेले ते मला मावशीच्या घरीच कळलं होतं. मोठी माणसं भिंतीआड बोलतात आणि पोरांना ऐकू येत नाही असं समजतात."

"मग ताट का मांडायचीस?" नेलिदाचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"तू म्हणशील म्हणून. 'पोरी, उचल ते, बाबा नाही येणार.' एवढंच. मग आपण दोघी रडलो असतो. दर रविवारी वाटायचं, आज म्हणेल. आणि तू म्हणालीस कुणाला? तर रोइत्मनबाईंना."

"आता तुला म्हणते ना, ऐक..."

"आता नको. आता मला रोइत्मनबाईही उरल्या नाहीत. त्यांच्याकडे बघितलं की तूच दिसशील." ती रडत नव्हती, आणि नेलिदाला त्याचीच भीती वाटली. "जमेल तेव्हा मीच फोन करीन. तू करू नकोस."

त्यानंतर पिवळा अंगठाही आला नाही.

कोर्दोबाचे गृहस्थ सज्जन आहेत. नेलिदा त्यांच्याशी बोलते. पण दर वेळी काही महत्त्वाचं ओठांवर आलं की ती थबकते. हे आपण भलत्याच माणसाला तर सांगत नाही ना?

एका रविवारी पोरोता मागच्या दाराने आत आली. येर्बाचं पाणी उकळत होतं. टेबलावर राव्हिओली वाफाळत होते, आणि दोन ताटं मांडलेली होती.

"अगं बाई! पोरगी येतेय की काय?"

"तिला तिकडे काम फार आहे गं," नेलिदा म्हणाली, "येईल..."

बेचाळीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी, याच आवाजात ती हेच बोलली होती. तिने खुर्चीची पाठ धरली.

"नाही," ती म्हणाली. "ती नाही येणार. मीच तिला घालवली."

सल्ला पोरोताचाच होता. तिने मान खाली घातली आणि ते दुसरं ताट उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," नेलिदा म्हणाली. "संध्याकाळी धुवीन मी."