तेजराम मास्तरांच्या हँडलातले छर्रे

विज्ञान शिकलेल्या माणसाला जगात कोणापुढेही मान वाकवावी लागत नाही, असे तेजराम मास्तर दर वर्षी आठवीच्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगत. १९७८ सालच्या भाऊबीजेच्या दुपारी तेच मास्तर आंधळगावच्या आपल्या अंगणात ओणवे होऊन, उजवा गाल जमिनीला लावून, वाळत घातलेल्या धानात सायकलचे छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या बारीक लोखंडी गोळ्या, शोधत होते. मान वाकलेली नव्हती. ती आडवी होती.

सायकल सासऱ्यांनी लग्नात दिलेली. चार वर्षे गुमान चालली आणि मग हँडलाखाली कुठेतरी ‘खट्’ वाजू लागली. खड्डा आला की खट्. ब्रेक मारला की खट्. आंधळगावात त्याचे कोणाला काही वाटत नव्हते. पण मागल्या वर्षी मास्तर मंडईला खैरीटोल्याला, सासुरवाडीला, गेले, तिथे घोटाळा झाला.

दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. पाहुणे येतात, रात्रभर दंडारीचे नाच-नाट्य चालते, आणि गावातल्या एकूण एक जावयांची एकमेकांशी तुलना होते. मास्तर वेशीपाशी पोचायचे होते तोच खुशाल नावाचा त्यांचा साळा भर चौकात ओरडला होता, “माय, चहा मांड वो! भाऊजी नाल्यापाशी आले, आयकू येऊन राह्यलं!”

चौक हसला. हसण्याचे मास्तरांनी सोसले असते. पण सासरे पुंडलिकराव हसले नाहीत. ते सायकलीकडे पाहून हळूच म्हणाले, “चांगली पाहूनच घेतली होती जी आम्ही.” म्हणजे दोष वापरणाराचा. बी. एस्सी. झालेल्या जावयाला साधी सायकल सांभाळता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. तो अर्थ मास्तरांनी वर्षभर उशाशी घेऊन झोप काढली. या वर्षी खैरीटोल्यात शिरायचे ते आवाज न करता, हे त्यांनी ठरवून टाकले.

आंधळगावच्या चौकातला सायकलवाला बाबुलाल म्हणाला होता, “ठेवून द्या न जी मास्तर. हेडचं काम हाय. सांजेले न्या.”

“हेड म्हणजे काय रे? हँडलाच्या नळीत वर-खाली दोन कटोऱ्या आणि मधात छर्रे. घर्षण कमी करायची योजना. मी शिकवतो हे.”

“शिकवता ते बराबर हाय. पण खोलता का कधी?”

हा प्रश्न मास्तरांना उद्धट वाटला. त्यांनी बाबुलालकडून फक्त पाना मागून घेतला, आणि सोबत चार नवे छर्रे. छर्रे कशाला, असे त्याने विचारले तेव्हा “प्रयोगशाळेला” म्हणाले.

आता ते खोलत होते. म्हणजे खोलून झाले होते. चिमटा, म्हणजे ज्यात पुढचे चाक बसते तो दोन पायांचा भाग, खाली सरकला आणि वरच्या-खालच्या दोन्ही कटोऱ्यांतले छर्रे सुटी झालेल्या वर्गासारखे चहूकडे पळाले. अंगणभर हलके धान पसरलेले. त्यात छर्रे असे गेले की जणू तिथलेच.

मंदाबाई दारात येऊन उभी राहिली. मास्तरांच्या या बायकोचा स्वभाव कमी बोलण्याचा होता, पण मास्तर तिला तशी संधी देत नसत.

“अजी, उठा. कोंबड्या पाहून राह्यल्या.”

“छर्रे शोधतो आहे.”

“गालानं?”

तिने सूप आणले. धान भरून घेतले, दोनदा घोळले, आणि जड जड छर्रे सुपाच्या कडेला येऊन रांगेत बसले. पाच-सहा सुपांत सगळे हाती आले. मास्तरांनी उभ्या उभ्या तिला समजावून सांगितले की याला विशिष्ट गुरुत्व म्हणतात.

“मायनं शिकवलं मले,” मंदाबाई म्हणाली. “तिनं नाव नाही सांगतलं.”

वरच्या कटोरीत किती छर्रे होते आणि खालच्या कटोरीत किती, हे मास्तरांनी खोलताना मोजले नव्हते. ‘मोजमाप हा विज्ञानाचा पाया होय’ हे वाक्य त्यांच्याच अक्षरात शाळेच्या भिंतीवर होते, पण ती भिंत शाळेत राहिली. त्यांनी अंदाजाने वाटणी केली. दोन्ही कटोऱ्यांत थोडी थोडी जागा उरली. भरल्या बाकावर एक पोरगा कमी दिसावा तशी ती जागा त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. त्यांनी प्रयोगशाळेचे छर्रे काढले आणि दाबून दाबून बसवले. मग जीव खाऊन नट आवळला.

हँडल आता जरासुद्धा खुळखुळत नव्हते. फारसे वळतही नव्हते. नवेपणी असे व्हायचेच, अशी मास्तरांनी नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मंदाबाई मागे कॅरिअरवर, मांडीवर करंज्यांचा डबा. गावाबाहेर पहिला खड्डा लागला.

खट्.

“तो डबा वाजला,” मास्तर म्हणाले.

मंदाबाईने डबा पोटाशी धरला. पुढे पुन्हा खट्.

“बांगड्या असतील तुझ्या.”

मंदाबाईने बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या. तिसऱ्या खट्ला मास्तरांनी काही कारण दिले नाही आणि तिनेही विचारले नाही. शिवाय तोवर दुसरेच काम निघाले होते. सायकल सरळ जात होती. फक्त सरळच जात होती. वाटेत आवळत आवळत हँडल पक्के होऊन बसले. वळण आले की मंदाबाई उतरे, मास्तर पुढचे चाक उचलून हवी त्या दिशेला ठेवत, मंदाबाई पुन्हा बसे, आणि सायकल पुढच्या वळणापर्यंत नीट जाई.

“अजी, हे सायकल व्हय का रेल्वे?”

“बोलू नको. तोल जातो.”

वरठीच्या अलीकडे खैरीटोल्याचा तलाव लागतो. वाट उताराने तलावाच्या घाटापर्यंत येते आणि तिथून एकदम डावीकडे गावात वळते. घाटावर त्या दिवशी निम्मे गाव जमले होते. पुंडलिकराव होते, खुशाल होता, आणि जावयाला पाय धुवायचे पाणी दारात द्यायचे, तर उतावीळ झालेल्या सासूबाई गोदावरीबाई त्याचा लोटा घेऊन थेट घाटावर आल्या होत्या. उतार गुळगुळीत होता. एकही खड्डा नव्हता, म्हणून आवाजही नव्हता. मास्तरांची छाती भरून आली.

“वळण आलं,” मंदाबाई मागून म्हणाली. “मी उतरतो.”

“आता नाही! सगळे पाहून राहिले.”

मंदाबाई व्यवहारी बाई. तिने डब्यासकट उडी मारली. मास्तरांनी डावीकडे जोर केला, मग उजवीकडे, मग देवाचे नाव घेतले. सायकल तेजराम मास्तरांना घेऊन घाटाच्या दोन पायऱ्या उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन थांबली.

कोणी हसले नाही. हेच सगळ्यात वाईट होते, असे मास्तर पुढे कितीतरी वर्षे शिक्षकांच्या खोलीत स्वतःच सांगत. मंडईला आलेल्या जावयाला हसायचे नसते. मागल्या वर्षी खुशाल त्यापायी आईच्या शिव्या खाऊन बसला होता. त्याने या वर्षी तोंडात दुपट्टा कोंबला. घाटावर अशी शांतता पसरली की पाण्यातले बुडबुडे ऐकू आले.

शेवटी पुंडलिकरावांनी खाकरून सगळ्यांना सांगितले, “जवाईबापू पाय धुवाले गेले. शिकलेला माणूस. घरचं पाणी कायले नासवतील?”

“मोठं साजरं केलं,” गोदावरीबाई म्हणाल्या, आणि हातातला लोटा त्यांनी हळूच पायरीवर रिकामा केला.

जवळच बुधराम जाळे झाडत होता. तलावात मासे धरून, सायकलला टोपली बांधून वरठीच्या बाजारात नेणारा माणूस. त्याने मास्तरांना हात दिला, सायकल बाहेर काढली आणि हँडल वळवून पाहिले. ते वळले नाही. त्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी तलावाकडे पाहिले.

“कोणं बसवलं जी हे?”

“आंधळगावचा एक माणूस आहे,” मास्तर म्हणाले.

“त्याले काही येत नाही, जवाईबापू. छर्रे ठासून भरले. एकाएकाले हलाले जागा लागते न.” त्याने घरून पाना आणवला, जाळ्यावर सगळे उघडले, वरून दोन आणि खालून दोन छर्रे काढून मास्तरांच्या ओल्या तळहातावर ठेवले, थोडे वंगण चोपडले आणि नट बेताने बसवला. हँडल लोण्यासारखे फिरू लागले. एवढ्याला एक विडी ओढून व्हायला लागतो तितका वेळ लागला.

मास्तरांनी सासऱ्यांचे कोरडे धोतर नेसले आणि सगळ्यांच्या देखत घाटावर एक फेरी मारली. अजून सगळे हातचे गेले नव्हते. निदान आवाज तरी नाही, एवढे पुंडलिकरावांना ऐकवायचे होते. फेरी पुरी करून त्यांनी सासऱ्यांपुढे ऐटीत ब्रेक मारला.

खट्.

पुंडलिकरावांनी मान फिरवली. खुशालच्या तोंडातला दुपट्टा गळून पडला. बुधराम खाली वाकला, पुढचे चाक हलवून पाहिले आणि मडगार्डच्या पट्टीचा एक बोल्ट दोन बोटांनी दीड आटा पिळला. मग चाक उचलून पायरीवर आपटले.

आवाज बंद झाला.