शेळीमागं चालणं

गौतमीचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. लेक सासरी गेली आणि मच्छिंद्रचं घर गप्प झालं.

तळेगाव ढमढेऱ्याहून तो रोज जीपनं शिरूरला कचेरीत जायचा. दिवसभर खुर्चीत बसायचं, घरी येऊन पलंगावर बसायचं. झोप उडाली. जेवताना उगाच डोळे भरून यायचे. नोकरीच सोडून द्यावी, असं मनात घोळू लागलं.

डॉक्टर म्हणाले, "राजीनाम्याचं मग बघा. आधी रोज संध्याकाळी चाला."

मच्छिंद्र चालायला निघाला. पण कामाशिवाय चालणारा माणूस गावाला ठाऊक नव्हता. घर मागं पडतंय तोच गावातल्या पोपटरावांनी मोटरसायकल थांबवली.

"आप्पा, बसा की!"

"न्हाई, चालतोय."

"कुठं?"

"कुठंच न्हाई."

"मग आमच्या गाडीला काय काटे हायेत व्हय?"

बसावंच लागलं. मग कधी जीपवाला थांबे, कधी उसाचा ट्रॅक्टर. नाही म्हणावं तर माणूस दुखावतो. वर गावातल्या बायका त्याच्या बायकोला, मायाला विचारू लागल्या, "आप्पा रुसून निघत्यात का गं?"

मच्छिंद्रनं वैतागून चपला कोपऱ्यात भिरकावल्या. "उद्या राजीनामा देतो," म्हणाला.

त्याच संध्याकाळी शेजारची चुलती आक्काबाई दारात आली. तिचे गुडघे धरले होते. "माज्या शेळीला जरा वढ्यापतुर फिरवून आण रं. सकाळधरनं वरडतीया."

तो दावं धरून निघाला. समोरून पोपटराव आले. शेळीकडं बघून "चारायला व्हय?" म्हणाले आणि तसेच पुढं गेले. शेळीसकट माणसाला गाडीवर कोण घेणार? जीप गेली, ट्रॅक्टर गेला. कुणी थांबलं नाही. ओढ्यापर्यंत जाताना मच्छिंद्रला घाम फुटला आणि तो एकटाच हसत सुटला. त्या रात्री गाढ झोपला.

मग तो रोजचा नेमच झाला. कचेरीतले चिडवायचे, "साहेब, तुम्ही शेळी फिरवता का शेळी तुम्हाला?"

"तिलाच इचारा!" तो म्हणायचा.

राजीनामा राहिला तो राहिलाच. आक्काबाईचे गुडघे सुधारले, तरी तिनं दावं परत मागितलं नाही. "तुज्यापायी माजी शेळी वाळली," एवढं मात्र येता-जाता ऐकवायची.

मच्छिंद्र नोकरीचं वय पूर्ण करून, पेढे वाटून निवृत्त झाला. आक्काबाई त्याआधीच, दोन हजार चोवीसच्या माघात, झोपेत वारली.