डोंगरावर कोणी नव्हतं म्हणे

मी फोटोची काच, जुन्या काळची निगेटिव्ह, बोलतेय. माझ्याकडे बघून "वा, काय निसर्ग!" म्हणणार असाल, तर पुढे चालू लागा.

दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिमेला एका तंबूत माझ्यावर औषध ओतलं आणि ओली असतानाच मला कॅमेऱ्यात सरकवलं. समोर कडा होता. कड्यावर झोपड्या, जाळाभोवती बसलेल्या बायका आणि आमच्याकडे रोखून बघणारा एक म्हातारा. मी सगळ्यांना टिपलं. फोटोग्राफर चरफडला. त्याच्या गिऱ्हाइकांना ओसाड मुलूख हवा होता. कोणाची नसलेली जमीन घ्यायला सोपी. आभाळावरचे डाग झाकायला तेव्हा काचेला काळा रंग फासत. त्याने त्या रंगाखाली अख्खी वस्ती गाडली. काचेवरचं काळं कागदावर पांढरं उमटतं; तिथे शुभ्र आभाळ छापलं गेलं, आणि ते बघून लोक गाड्या जुंपून निघाले.

हात बदलत मी लंडनमधल्या पिनरला आले, डॉ. पद्माकरांकडे. रिटायर झालेले, जुन्या फोटोंचे शौकीन. ईलिंगच्या प्रदर्शनासाठी माझं लेबल लिहायला त्यांनी नातीला, इथेच जन्मलेल्या वरदाला, बसवलं. मजकूर मात्र त्यांचा: माणसाचं पाऊल न पडलेली भूमी.

पुसताना वरदाने मला पालथं केलं. मागून, रंग नसलेल्या बाजूने, पाहिलं की त्या काळ्या रंगावरच माझं चित्र उमटतं. झाकणाराच चुगली करतो.

"आजोबा, इथे लोक आहेत. हा माणूस आपल्याकडेच बघतोय."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. त्यांनाही दिसलं. "असतील गं. पण लोक संडेला फोटो बघायला येतात, भांडायला नाही. युनिव्हर्सिटीत हेच शिकवतात का, चांगल्या गोष्टीत खोट काढायला?"

इथल्या हॉस्पिटलात पहिली कित्येक वर्षं आपल्याला कोणी नावाने हाक मारली नाही, हे डॉक्टर अजून जेवताना सांगतात. त्या म्हाताऱ्याला पुसायला मात्र त्यांना घास गिळण्याइतकाही वेळ लागला नाही.

"मग लेबलवर माझं नाव नको," वरदा म्हणाली.

"नको तर नको." त्यांनी स्वतःचं घातलं.

आता मी प्रदर्शनात उभी आहे, रंगाची बाजू तुमच्याकडे. माझ्यामागे हातभर जागा आहे. काल वरदा अंग चोरून तिथे शिरली, फोनचा टॉर्च लावून कितीतरी वेळ बघत राहिली. ती एकटीच. तुम्हीही शिरा. तेवढं होत नसेल तर मला फोडा; पण माझ्या जिवावर ओसाड मुलूख खपवू नका.